विश्लेषण : मात्रा अचूक, तरी औषध लागू पडेलच का?

लहान मुलांच्या तापाच्या अनेक औषधांवर ‘वापरण्यापूर्वी बाटली नीट हलवा’ असे छापलेले असते. कारण त्यात पॅरासिटामॉलचे बारीक कण विरघळलेले नसून तरंगत असतात. द्रवाची घडण बिघडली तर कण तळाशी बसतात आणि हलवूनही साका सुटत नाही. मग पहिल्या चमच्यात औषध कमी, शेवटच्या चमच्यात जास्त. बाटलीतील एकूण मात्रा मात्र अचूकच भरते. म्हणूनच केवळ मात्रेची तपासणी पुरेशी नाही.

दाटपणा कसा मोजतात?

रिऑमीटर यंत्रात दोन चकत्यांमध्ये नमुना ठेवून एक चकती फिरवतात. त्याला किती जोर लागतो, यावरून द्रवाचा स्वभाव कळतो. असे औषध स्थिर असताना दाट आणि हलवल्यावर पातळ व्हायला हवे.

उष्णतेतून काय कळते?

डीएससी यंत्रात काही मिलिग्रॅम नमुन्याची छोटी वाटी आणि एक रिकामी वाटी सारख्याच वेगाने तापवतात. वितळताना नमुना जास्त उष्णता शोषतो आणि ते आलेखात उमटते. पॅरासिटामॉलचे नेहमीचे स्फटिक सुमारे १६९ अंश सेल्सिअसला वितळतात, दुसऱ्या रचनेचे सुमारे १५७ अंशांना. रेणू तोच, रचना वेगळी.

त्याने काय बिघडते?

एचआयव्हीवरील रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये कॅप्सूलमध्ये त्याचे कमी विरघळणारे, नवेच स्फटिक आढळले. रेणू बदलला नव्हता, तरी कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रुग्णांची गैरसोय झाली ती वेगळीच.

पुण्याने काय करावे?

या विषयाचे ज्ञान शहरात आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून कार्यरत आहे. तिचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर आणि २०२१ मध्ये संचालक झालेले डॉ. आशिष लेले या दोघांचेही संशोधन पॉलिमर व त्यांच्या प्रवाहाशी निगडित आहे. अडचण खर्चाची आहे. प्रत्येक लहान उत्पादकाला अशी यंत्रे परवडणार नाहीत. त्यामुळे सवलतीच्या दरात सामायिक चाचणी केंद्रे उभारणे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा बंद टेम्पोतून गेलेल्या औषधाचे काय झाले, हेही तपासायला हवे. कारखान्यातून निघालेले औषध आणि घरातल्या चमच्यातले औषध एकसारखेच आहे, याची खात्री पालकांना देणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे.