ऐंशी रुपयांचं पेन आणि तीन तासांचा पेपर

खरं सांगा, शेवटचं सलग चार पानं हाताने कधी लिहिलंत? नोट्स फोनवर, असाइनमेंट लॅपटॉपवर, सह्या सोडल्या तर बाकी सगळं टाइप. आणि मग एके दिवशी हॉल तिकीट हातात येतं, समोर उत्तरपत्रिका येते आणि तीन तास लिहायचं असतं.

माझी बॅच २०२१ची. आमची बारावीची परीक्षाच रद्द झाली होती. कॉलेजचं पहिलं वर्षही बरंचसं ऑनलाइन एमसीक्यूवर टिकमार्क करण्यात गेलं. त्यानंतर जेव्हा पहिल्यांदा वर्गात बसून लेखी पेपर द्यायची वेळ आली, तेव्हा चाळिसाव्या मिनिटाला माझा अंगठा आखडला. दीड तासानंतर मनगट. शेवटचा पंधरा मार्कांचा प्रश्न मला येत होता, अगदी व्यवस्थित येत होता आणि तो मी अर्धा सोडून आले. त्या विषयात केटी लागली. कारण काय सांगणार? ‘अभ्यास केला होता, पण हात चालला नाही’ हे घरी कुणाला पटत नाही.

तेव्हा कुणीतरी सल्ला दिला, शाईचं पेन वापरून बघ. मी हसले. शाईचं पेन म्हणजे एक तर पाचवीतल्या बाई किंवा रील्समधले ते हजारो रुपयांचे चकचकीत पेनवाले. पण अप्पा बळवंत चौकातल्या एका छोट्या दुकानात ऐंशी रुपयांत एक पेन मिळालं. प्लास्टिकचं, जाडजूड आणि जुन्या पद्धतीचं. आज त्याच पेनाबद्दल लिहितेय. आणि माझं म्हणणं सरळ आहे: कॉलेजमधल्या प्रत्येकाने असं एक स्वस्त पेन घ्यावं, आणि ते स्वतः उघडून, बिघडवून, दुरुस्त करायला शिकावं.

आधी हे पेन असतं काय?

या पेनात कार्ट्रिज नसतं, पंप नसतो, कन्व्हर्टर नसतो. पेनाची नळी हीच शाईची टाकी. निबचा भाग फिरवून काढायचा, ड्रॉपरने नळीत शाई टाकायची, परत आवळायचं. संपलं. म्हणून याला आयड्रॉपर म्हणतात. छोट्या कार्ट्रिजमध्ये एक मिलिलिटरही शाई मावत नाही. यात दोन-तीन मिलिलिटर सहज मावते. म्हणजे एकदा भरलं की पेपरच्या मध्यात शाई संपायची भीती नाही.

आणि हाताचं काय? बॉलपेनची शाई घट्ट असते. कागदावर दाबल्याशिवाय तो छोटा गोळा फिरत नाही, म्हणून आपण नकळत पेन आवळून धरतो. शाईच्या पेनात पातळ शाई निबच्या चिरेतून केशाकर्षणाने आपोआप खाली येते. निब कागदाला नुसती टेकली की पुरे. दाबायची गरजच नाही. उलट दाबलंत तर निबच बिघडते. हाताला ही सवय लागायला मला दोन आठवडे लागले.

आपल्याकडे ही पेनं नवी नाहीत. आंध्रातल्या राजमहेंद्रीत रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात फाउंटन पेन बनवलं. ते वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींपर्यंत पोहोचलं आणि १९३५ साली गांधीजींनी पत्र लिहून त्याबद्दल आभार मानले. त्याच काळात, १९३१ मध्ये, मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि वड्या बनवायला सुरुवात केली होती. तीच पुढे आपल्या कंपासपेटीतली कॅम्लिन झाली. पेन आणि शाई इथे बनवणं हा तेव्हा स्वाभिमानाचा विषय होता. आज आपल्यासाठी तो खिशाचा विषय आहे, आणि त्यात काही गैर नाही.

आता वाईट बातमी

माझं पेन पहिल्या दिवशी चाललं नाही. दोन ओळी लिहिल्या की फिकट, तिसऱ्या ओळीला कोरडं. आणि खरखर अशी, की जणू कागदावर टाचणी ओढतेय. चौथ्या दिवशी लेक्चरला बसले असताना एकदम मोठा थेंब पडला, वहीवर आणि ओढणीवर. मी ते पेन ड्रॉवरमध्ये फेकलं. ऐंशी रुपये पाण्यात.

आपण हेच करतो ना? इअरफोनची एक बाजू बंद पडली, नवा घ्या. बॅगेची चेन अडकली, नवी बॅग. वस्तू बिघडली म्हणजे तिचं आयुष्य संपलं, असं आपण गृहीत धरून टाकलंय. ती उघडून बघावी, हे डोक्यातच येत नाही.

महिन्याभराने परत त्याच दुकानात गेले, तक्रार करायला. काकांनी काही न बोलता पेन उघडलं, निब भिंगाखाली धरली, नखाने एकदा हलकेच ढकलली आणि माझ्या हातात दिलं. पेन चालायला लागलं. मी म्हटलं, “काका, हे तुम्ही विकायच्या आधीच का नाही केलंत?” ते म्हणाले, “अगं, ऐंशी रुपयांत प्रत्येक पेनाला भिंग लावत बसलो, तर दुकान कोण चालवणार? बस इथे. दाखवतो. पुढच्या वेळी तू करायचंस.”

त्यांनी जे दाखवलं आणि नंतर मी चुकत चुकत जे शिकले, ते क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकजण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. मीही केली होती.

पहिलं, धुवा. नवीन पेनात कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं आणि तेल शाईला अडवतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून निबचा भाग त्यात धुवा, मग साध्या पाण्याने साबण जाईपर्यंत खळबळा आणि वाळू द्या. कोरडं चालणारं पेन कधीकधी एवढ्यानेच सुधारतं.

दुसरं, बघा. निबच्या टोकाला मधोमध चीर असते, म्हणजे टोकाचे दोन भाग होतात. हे दोन्ही एका पातळीत हवेत. एक जरी खाली-वर असला, तर तो कागद खरवडणार. बघायला घड्याळजीचं भिंग उत्तम. नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करा. जो भाग वर गेलाय, त्याला नखाने अगदी हलकेच खाली ढकला. सोडा, परत बघा. माझ्या पेनाचा खरा रोग हाच होता. काकांनी नखाने जे केलं ते एवढंच.

तिसरं, शाईचा प्रवाह तपासा. चीर फारच घट्ट मिटलेली असेल तर शाई उतरत नाही. पितळेच्या अतिशय पातळ पत्र्याची पट्टी चिरेतून दोनचार वेळा फिरवली की वाट मोकळी होते. निबच्या खाली जो खाचांचा तुकडा असतो तो फीड. काका त्याला ‘जीभ’ म्हणतात. निब आणि जीभ एकमेकींना चिकटून हव्यात. मध्ये फट दिसली की प्रवाह तुटतो. जीभ एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची असेल, तर निबसकट अर्धा मिनिट गरम पाण्यात धरून बोटांनी दाबली की ती निबच्या आकाराला बसते. पाणी उकळतं नको आणि बोटं सांभाळा. प्लास्टिकच्या जिभेवर हा प्रयोग करू नका.

चौथं आणि अगदी शेवटचं, घासणं. वरचं सगळं करूनही टोक खरखरतच असेल, तर अतिशय बारीक, बारा हजार ग्रिटच्या पॉलिश पेपरवर शाईसकट, वजन न टाकता इंग्रजी आठच्या आकड्यात दोनचार फेरे. थांबा. कागदावर लिहून बघा. परत हवं तर अजून दोन. झिजलेला धातू परत येत नाही. मी पहिल्या उत्साहात नेलपेंटच्या किटमधल्या फाइलवर निब घासली होती. ती इतकी गुळगुळीत झाली, की कागदावर शाई सोडेनाच. ती निब मीच मारली. नवी पंधरा रुपयांना मिळाली, म्हणून वाचले. पंधरा हजारांच्या पेनावर हा धडा शिकायची हिंमत आहे का तुमच्यात?

आणि तो ओढणीवरचा थेंब? त्यात पेनाची चूक नव्हती, विज्ञान होतं. नळी अर्ध्याहून रिकामी झाली की आत हवा वाढते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. उपाय सोपा आहे, एक तृतीयांश शाई उरली की परत भरा. पेपरला जाताना पूर्ण भरून न्या. बॅगेत निब वर करून ठेवा. नळीच्या आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा म्हणजे सांध्यातून शाई पाझरणार नाही. ग्रीसऐवजी व्हॅसलीन नको. आणि शाई फाउंटन पेनचीच घ्या. चित्रकलेची वॉटरप्रूफ इंडियन इंक आत वाळली की पेन कायमचं तुंबतं.

पण का म्हणून?

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय, कारण माझा मित्रही तेच म्हणाला. “विकत घेतलेली वस्तू मीच का दुरुस्त करायची? दहा रुपयांचं जेलपेन पहिल्या सेकंदाला चालतं.” बरोबर आहे. सदोष माल विकणं ही काही परंपरा नाही आणि तिचं कौतुक मी करणार नाही. बनवणाऱ्यांनी निब निदान एकदा तपासून पाठवावी, हे मी काकांनाही सांगितलंय. पण महागड्या पेनात आपण बऱ्याच अंशी पैसे कशाचे देतो? कुणीतरी आधीच भिंग लावून बघितलंय, याचेच. स्वस्त पेनात ते काम आपल्यावर येतं. आपल्याकडे पैसे कमी आहेत आणि संध्याकाळ मोकळी आहे. हा सौदा आपल्याला परवडतो.

दुसरा आक्षेप त्याहून खरा आहे. परीक्षेच्या दिवशी गळलं तर? म्हणून माझा नियम असा आहे, की महिनाभर रोज वापरल्याशिवाय पेन परीक्षेला न्यायचं नाही आणि नेलं तरी सोबत एक साधं पेन ठेवायचं. उत्तरपत्रिकेचा कागद पातळ असतो, म्हणून बारीक निब घ्या, नाहीतर शाई मागच्या पानावर उमटते. हॉल तिकिटावरच्या सूचना वाचा, शाईचा रंग त्यात बसतोय ना ते बघा. एवढी काळजी घ्यायची तयारी नसेल तर जेलपेनच बरं. मी रागावणार नाही.

पण मला या पेनाने हाताच्या दुखण्याखेरीज आणखी काही दिलं. आमची पिढी ट्युटोरियल बघणारी आहे, करून बघणारी कमी. मी निब घासायचे दहा व्हिडिओ पाहिले होते आणि तरी पहिली निब मारली. एखादी गोष्ट बिघडली की ‘हे कुठे अडलंय?’ हा प्रश्न एकेक पायरीने विचारायचा, सगळ्यात सोपं कारण आधी तपासायचं, आणि परत न फिरवता येणारा उपाय सगळ्यात शेवटी करायचा, हे मला पत्रकारितेच्या वर्गाआधी त्या स्टुलावर बसून कळलं. आता इंटर्नशिपमध्ये बातमीत गडबड झाली की मी तसंच बघते. आधी स्पेलिंग, मग तारीख, मग माणसाला परत फोन. अख्खी कॉपी डिलीट करणं सगळ्यात शेवटी.

केटीचा पेपर मी त्याच पेनाने दिला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. शेवटच्या अर्ध्या तासात मनगट दुखलंच, कारण लिहायची सवय पेन विकत घेऊन लागत नाही, रोज एक पान लिहून लागते. पण अंगठा आखडला नाही आणि शेवटचा प्रश्न मी पूर्ण लिहिला. विषय सुटला.

ते काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचा मुलगा दुसऱ्या नोकरीत आहे आणि भिंग लावून निब बघणारं त्या दुकानात दुसरं कुणी नाही. त्यांना जे येतं ते शिकायला फी नाही, क्लास नाही, ॲडमिशन नाही. एक रिकामी दुपार लागते. तुमच्या गावातही असा एखादा माणूस नक्की असेल, पेनवाला, घड्याळजी, नाहीतर शिलाई मशीन दुरुस्त करणारा. तो आहे तोवर जा, विचारा आणि शेजारी बसा.

आणि हो, पहिल्यांदा शाई भरताना खाली जुना पेपर पसरा. ही पुरवणी चालेल. फक्त आधी वाचून घ्या.