विश्लेषण : मोबाइलमुळे किशोरवयीन मुलांचा अभ्यास कुठे अडतो? शाळेतील बंदी पुरेशी आहे का?

करोनाकाळात शाळाच मोबाइलवर आली. टाळेबंदी संपली, वर्ग पुन्हा भरू लागले. पण मुलांच्या हातातला मोबाइल सुटला नाही. आता अनेक देश शाळेत मोबाइलवर बंदी घालत आहेत. या बंदीने अभ्यासाला किती फायदा होतो आणि ती कुठे अपुरी पडते, याचा आढावा.

मुले मोबाइल कशासाठी वापरतात?

ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२४’ अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी पाहणीआधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. म्हणजे एकाच फोनवर अभ्यास आणि विरंगुळा दोन्ही चालतात आणि पारडे विरंगुळ्याकडे झुकते.

अभ्यासाचे नुकसान नेमके कसे होते?

पहिला फटका एकाग्रतेला बसतो. लक्ष एकदा विचलित झाले की विद्यार्थ्याला पुन्हा अभ्यासात गुंतायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे ‘युनेस्को’च्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालात नमूद आहे. शाळेचा एक तास ३५-४० मिनिटांचा असतो, हे लक्षात घेतले तर एका नोटिफिकेशनची किंमत कळते. दुसरा फटका झोपेला. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. रात्री उशिरापर्यंत रील्स पाहणारा मुलगा सकाळी ७च्या शाळेत बसतो, पण शिकण्याच्या अवस्थेत नसतो.

बंदीचा फायदा कोणाला?

इंग्लंडमधील चार शहरांतील शाळांचा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइलबंदीनंतर परीक्षेतील निकाल सुधारले. मात्र फायदा मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांना झाला. हुशार विद्यार्थ्यांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. म्हणजेच वर्गातल्या मोबाइलची सर्वाधिक झळ आधीच धडपडणाऱ्या मुलांना बसते.

मग अडचण कुठे आहे?

बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०२५मध्ये ३० शाळांची तुलना केली. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र जी मुले दिवसभरात जास्त वेळ मोबाइलवर होती, त्यांची झोप आणि वर्गातील वर्तन तुलनेने खराब होते. याचा अर्थ, बंदी वर्गातला तास वाचवू शकते. संध्याकाळ आणि रात्र घरालाच सांभाळावी लागते.

कायदा आणि न्यायालय काय म्हणते?

फ्रान्सने २०१८मध्ये १५ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना शाळेत मोबाइल वापरण्यास कायद्याने मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये वेगळी वाट धरली. सरसकट बंदी इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही, असे सांगत न्यायालयाने वर्गात वापरास मनाई, शक्य तिथे शाळेत आल्यावर फोन जमा करणे आणि मुलांना जबाबदार वापर शिकवणे, अशी तत्त्वे आखून दिली.

घरात काय करता येईल?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२मध्ये उत्तर शोधले. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, असा निर्णय गावाने घेतला. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे नियम मोठ्यांनाही लागू होता. आई-वडील मोबाइलमध्ये आणि मूल पुस्तकात, असे चित्र फार दिवस टिकत नाही.

शाळांनाही एक सवय बदलावी लागेल. गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायचा आणि मुले मोबाइल सोडत नाहीत अशी तक्रारही करायची, हे एकत्र चालणार नाही. शिवाय ‘असर’नुसार फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटात स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के आहेत. फळ्यावर लिहून दिलेला गृहपाठ घरातल्या फोनची पाळी येण्याची वाट पाहत बसत नाही. म्हणूनच ‘मोबाइल द्यावा की नाही’ यापेक्षा ‘कोणत्या वेळी आणि कोणत्या कामासाठी’ हे शाळा आणि पालकांनी मिळून ठरवणे अधिक उपयोगाचे आहे.