उंचीची रेघ

राजारामपुरीतील एका घराच्या दारचौकटीवर पेन्सिलीच्या रेघा वर सरकत आहेत. आठ वर्षांची नात दर रविवारी तेथे उभी राहते आणि आजोबा पट्टी धरतात. गेल्या दिवाळीत खोपोलीच्या इमॅजिकात ‘नायट्रो’साठी तिची उंची अपुरी ठरली, आजोबांना त्यांच्या हृदयाने अडविले. पायांखाली तळ नसलेल्या त्या गाडीतून आईवडील फिरून आले. आजोबा-नात खाली पिशव्या सांभाळीत बसले.

तेव्हापासून कोठे नवा कौटुंबिक रोलरकोस्टर येणार असे कानी आले, की नातीचा पहिला प्रश्न ठरलेला : “आजोबा, त्यात आपण दोघे?”

साध्या रोलरकोस्टरला इंजिन नसते. साखळी गाडीला पहिल्या चढावर नेते. पुढील सारा प्रवास त्या उंचीच्या पुंजीवर चालतो आणि घर्षण तीतून सतत कपात करीत राहते. कौटुंबिक प्रकारात ही पुंजीच बेताची : चढ ठेंगणे, वळणे सौम्य. त्यात उणे काही नाही. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांनी सुरू केलेली गाडी ताशी जेमतेम दहा किलोमीटर धावे, तरी लोकांची रीघ लागे.

मात्र सौम्य गाडीच्या फलकावरही हृदयविकाराची ओळ बहुधा असतेच. नातीला वाटते, अडचण केवळ उंचीची.

“मान सरळ ठेव,” रेघ ओढताना आजोबा म्हणतात, आणि डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न मनाशी पुन्हा जुळवितात.