'अँग्री ऑन मी' म्हणणाऱ्यांच्या बाजूने

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की आपल्या होस्टेलमध्ये एक झेरॉक्स फिरायला लागते. डाव्या कॉलममध्ये इंग्रजी विशेषण, उजव्या कॉलममध्ये त्याच्यापुढे येणारं प्रिपोझिशन. 'अफ्रेड - ऑफ', 'अँग्री - विथ', 'गुड - ॲट', 'मॅरीड - टू'... अशी चार पानं. पोरंपोरी ती ओरलच्या आदल्या रात्री फॉर्म्युले घोकावेत तशी घोकतात. ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये दोन-तीन मार्क मिळतातही. आणि मग इंटरव्ह्यूच्या खुर्चीवर बसल्यावर 'माय फादर वॉज अँग्री ऑन मी' असं म्हणून मोकळी होतात. मग हसू! वर्गात हसू, मेसमध्ये हसू, आणि खरं सांगायचं तर कधीकधी स्टाफरूममध्येसुद्धा हसू.

मला या हसण्याबद्दल लिहायचं आहे आणि त्या झेरॉक्सबद्दलही. दोन्ही बंद व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून हे मीच लिहिलेलं बरं. 'अँग्री विथ' आमच्या तोंडून आपोआप येतं. पण 'विथ'च का, असं कुणी विचारलं तर आमच्यापैकी एकीलाही सांगता येणार नाही. 'तसंच असतं', एवढंच उत्तर! बारा वर्षं टीचर आमच्यावर चिडल्या त्या इंग्रजीतून चिडल्या, एवढाच काय तो आमचा अभ्यास. याला हुशारी म्हणत नाहीत, कानाचं वळण म्हणतात. उलट 'अँग्री ऑन' म्हणणाऱ्याकडे कारण असतं. मराठीत आपण माणसा'वर' चिडतो, माणसा'वर' रागावतो, माणसा'वर' खूष होतो. 'वर' म्हणजे 'ऑन'. त्याने आपल्या भाषेचा नियम दुसऱ्या भाषेला चोख लावला. नियम लावणारा हास्यास्पद आणि नियम माहीतच नसणारा फाडफाड इंग्रजीवाला, हा कुठला न्याय?

बरं, हा नियम काही गावठी नाही. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. मोरो केशव दामल्यांचं जाडजूड शास्त्रीय व्याकरण १९११ चं. शाळेत आपण सगळ्यांनी विभक्तीचा तक्ता म्हटलाय : स-ला-ते, ने-ए-शी, ऊन-हून, चा-ची-चे, त-ई-आ. इंग्रजी प्रिपोझिशन जे काम नामाच्या आधी उभं राहून करतं, तेच काम आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागून करतात. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतसुद्धा नामांना असे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले तशी त्यांची कामं प्रिपोझिशन्सच्या गळ्यात पडली. म्हणजे दोन्ही भाषांचं दुखणं एकच आहे. विशेषण आणि नाम यांना जोडायला काहीतरी खिळा लागतो. कुठल्या लाकडाला कुठला खिळा, हे मात्र ज्या त्या भाषेच्या सुताराने ठरवलेलं.

आणि गंमत म्हणजे पुष्कळदा खिळे जुळतात! त्या झेरॉक्समध्ये 'ऑफ' लागणारी विशेषणं काढून बघा. 'अफ्रेड ऑफ', 'प्राउड ऑफ', 'जेलस ऑफ', 'फाँड ऑफ', 'अवेअर ऑफ', 'अशेम्ड ऑफ', 'केपेबल ऑफ'. आता ही मराठीत नामं करून म्हणा : ची भीती, चा अभिमान, चा हेवा, ची आवड, ची जाणीव, ची लाज, ची क्षमता. सगळीकडे षष्ठी! सगळीकडे चा-ची-चे! एका ओळीत सात शब्द पाठ झाले. 'इंटरेस्टेड इन' म्हणजे '-त रस'. 'डिपेंडंट ऑन' म्हणजे '-वर अवलंबून'. 'पॅरलल टू' म्हणजे '-ला समांतर', 'पर्पेंडिक्युलर टू' म्हणजे '-ला लंब'. झेडपीच्या शाळेतून आलेला कुणीही 'पॅरलल फ्रॉम' म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही. कारण भूमितीत तो शब्द त्याने शंभर वेळा पूर्ण वाक्यात पाहिलाय, झेरॉक्सच्या कॉलममध्ये नाही.

मग जिथे खिळे जुळत नाहीत, तेवढीच जागा शिकवायला नको का? ती यादी फार मोठी नाही. 'अँग्री विथ' त्यातलं एक. 'मॅरीड टू' दुसरं, कारण आपल्याकडे लग्न कुणा'शी' तरी होतं आणि 'शी' म्हटलं की 'विथ' सुचतं. 'बिझी विथ' तिसरं, आपण अभ्यासा'त' बिझी असतो. चौथं होस्टेलचं लाडकं : 'ही इज सीनियर दॅन मी'. इथे आपला 'पेक्षा' मध्ये येतो. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून तुलना पोटात घेऊनच आले, म्हणून त्यांना 'दॅन' लागत नाही, 'टू' लागतं. हे कुणी एकदा सांगितलं तर आयुष्यभर विसरत नाही. पण झेरॉक्स हे सांगत नाही.

काही ठिकाणी मात्र इंग्रजीचं इंग्रजीलाच धड कळलेलं नसतं. गणितात चांगला तो 'गुड ॲट मॅथ्स', आणि गणितात कच्चा तो 'वीक इन मॅथ्स'. मराठीत दोन्हीकडे बिचारा 'गणितात'च. 'पुअर ॲट' म्हणजे एखाद्या कामात कच्चा, 'पुअर इन' म्हणजे एखाद्या गोष्टीची कमतरता असलेला. खनिजं कमी असलेली जमीन 'पुअर इन मिनरल्स'. 'डिफरंट'चं तर विचारूच नका. 'फ्रॉम' सगळीकडे चालतं, ब्रिटनमध्ये 'डिफरंट टू'ही म्हणतात, अमेरिकेत 'डिफरंट दॅन' सर्रास चालतं. आपल्याकडचा मुलगा 'पेक्षा वेगळा'वरून 'डिफरंट दॅन' म्हणतो आणि त्याच्या पेपरवर लाल रेघ येते. तेच वाक्य अमेरिकेतल्या मॅनेजरच्या मेलमध्ये आलं तर कुणी काही म्हणत नाही!

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं आहे तर 'ऑन' म्हणा नाहीतर 'विथ' म्हणा, समोरच्याला कळलं म्हणजे झालं. मला हेही पटत नाही. काही ठिकाणी प्रिपोझिशन बदललं की अर्थच बदलतो, आणि आपण इंजिनीअर होणार आहोत.

सोपं उदाहरण आधी. प्रवासा'ने' दमलेली मुलगी 'टायर्ड फ्रॉम द जर्नी' असते आणि मेसच्या वांग्या'ला' कंटाळलेली मुलगी 'टायर्ड ऑफ' असते. पहिलीला झोप हवी, दुसरीला दुसरी मेस. मराठीने दोन वेगळी क्रियापदं ठेवली, इंग्रजीने एकच शब्द ठेवून प्रिपोझिशनवर काम भागवलं.

आपल्याच जिल्ह्यातलं तेर घ्या. तेर हे संत गोरा कुंभारांसाठी ओळखलं जातं : 'नोन फॉर'. प्राचीन काळी ते तगर म्हणून ओळखलं जायचं : 'नोन ॲज'. आणि ते ग्रीक व्यापाऱ्यांना माहीत होतं : 'नोन टू'. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे. एक गाव, एक विशेषण, तीन प्रिपोझिशन्स आणि तीन वेगळ्या गोष्टी. मराठीतही बघा, '-साठी', 'म्हणून', '-ना' असे तीन वेगळे शब्द आलेच. हे तेरच्या पोराला समजावून सांगायला किती वेळ लागेल?

पण खरी अडचण 'जबाबदार' या शब्दाची. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच. आपण म्हणतो, 'मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं' आणि आपणच म्हणतो, 'ड्रायव्हर अपघाताला जबाबदार आहे'. दोन्हीकडे 'ला'. पण पहिल्या वाक्यात 'ला' म्हणजे ज्याच्यापुढे उत्तर द्यायचं तो, आणि दुसऱ्यात ज्याबद्दल उत्तर द्यायचं ते. इंग्रजीत हे वेगळं करावंच लागतं. संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदात मंत्रिपरिषद लोकसभेला जबाबदार आहे, तिथे 'रिस्पॉन्सिबल टू' आहे. अपघाताला मात्र 'रिस्पॉन्सिबल फॉर'. उद्या साइटवर आपल्यापैकी कुणी रिपोर्ट लिहिताना 'साइट इंजिनीअर इज रिस्पॉन्सिबल फॉर द काँट्रॅक्टर' लिहिलं आणि मनात 'टू' होतं, तर काँट्रॅक्टरच्या चुका त्या इंजिनीअरच्या डोक्यावर! असल्या वाक्यांवर माणसांच्या नोकऱ्या जातात. इथे कान उपयोगी नाही, समज उपयोगी आहे. आणि ती कॉन्व्हेंटवाल्यांनाही कुणी दिलेली नाही.

टेक्निकल इंग्रजीत असे शब्द पानोपानी भेटतात. सिरीज आरएलसी सर्किटची रेझोनंट फ्रीक्वेन्सी रेझिस्टन्सवर अवलंबून नसते, म्हणजे ती रेझिस्टन्सपासून 'इंडिपेंडंट ऑफ'. भारत १९४७ मध्ये ब्रिटिश राजवटीपासून स्वतंत्र झाला, तो 'इंडिपेंडंट फ्रॉम'. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालेल, पण एकात संबंधच नाही आणि दुसऱ्यात संबंध होता तो तोडला. सिव्हिलवाल्यांना तर हा जिल्हाच एक पाठ्यपुस्तक आहे. आपला भाग अवर्षणप्रवण, 'प्रोन टू ड्रॉट'. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आपल्याकडच्या सास्तूरच्या परिसरात हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. ती घरं भूकंपात टिकणारी नव्हती, 'रेझिस्टंट टू' नव्हती. आणि तीच रचना एवढ्या मृत्यूंना मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती, 'रिस्पॉन्सिबल फॉर' होती. या जिल्ह्यातल्या मुलाला हे शब्द या उदाहरणांतून शिकवा, तो विसरेल का बघा.

इंग्रजीशिवाय इंजिनीअरिंग अशक्य, हेही आपण उगाच गृहीत धरलंय असं मला वाटतं. ज्या निजामाच्या नावावरून या जिल्ह्याला उस्मानाबाद नाव मिळालं होतं, त्याच मीर उस्मान अली खानांच्या काळात १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि तिथे विज्ञानासकट उच्च शिक्षण उर्दूतून दिलं गेलं. पुस्तकं भाषांतरित करायला खास खातं होतं. २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनीअरिंग शिकवायला परवानगीही दिली. असो. आपल्या कॉलेजात शिकवणं, पेपर, इंटरव्ह्यू सगळं इंग्रजीत आहे आणि आपण पास होईपर्यंत तरी तसंच राहणार. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज होस्टेलमध्ये असलेला मराठी माध्यमाचा मुलगाही बारा वर्षं इंग्रजी शिकून आलाय. तरी 'ऑन' जात नसेल तर दोष त्याच्या डोक्यात शोधू नका, शिकवण्यात शोधा. बारा वर्षांत कुणी त्याला 'तुझ्या मराठीत हे असं आहे, इंग्रजीत ते तसं आहे' असं शेजारी-शेजारी ठेवून दाखवलंच नाही. मराठीचा तास वेगळा, इंग्रजीचा वेगळा, मधे भिंत!

आणि हसणाऱ्यांना एक विचारते. टीव्हीवरचं आणि आपल्या ग्रुपमधलं मराठी ऐकता का? 'माझी मदत कर', 'माझ्यासोबत बोल', 'त्याच्यासोबत लग्न केलं'. मराठीत 'मला' मदत करतात, 'माझ्याशी' बोलतात, 'त्याच्याशी' लग्न करतात. हिंदीचे खिळे मराठी लाकडात ठोकलेले सर्रास चालतात, त्यावर कुणी मेसमध्ये खो-खो हसत नाही. मराठीची चूक झाली तर 'चलता है' आणि इंग्रजीची झाली तर माणूसच कमी दर्जाचा! फर्स्ट इयरला असताना वर्गात भरपूर बोलणारी एक मुलगी दोनदा असं हसू ऐकून गप्प झाली, ती सेमिनारलासुद्धा पीपीटी वाचून खाली बसते. तिचं इंग्रजी सुधारलं नाही, फक्त ऐकू येईनासं झालं.

म्हणून स्टाफमधल्या सर-मॅडमना विनंती आहे. कम्युनिकेशनच्या लॅबमध्ये पहिले दोन तास विभक्तीच्या तक्त्याला द्या, मराठीतून द्या. टेस्टमध्ये एक ओळ आणि चार पर्याय देण्याऐवजी आपापल्या ब्रँचच्या लॅब मॅन्युअलमधली पूर्ण वाक्यं द्या. 'कम्पॅटिबल विथ' कॉम्प्युटरवाल्यांना, 'प्रपोर्शनल टू' इलेक्ट्रिकलवाल्यांना, 'रेझिस्टंट टू करोजन' मेकॅनिकलवाल्यांना रोज लागतं. आणि 'डिफरंट दॅन'वर लाल रेघ मारण्याआधी जरा थांबा.

स्टाफचं ठरेपर्यंत आम्ही लेडीज होस्टेलच्या चौघींनी मॅन्युअलमधून अशी वाक्यं काढायला सुरुवात केली आहे, प्रत्येक वाक्याखाली त्याचं मराठी. षष्ठीवाली यादी तयार झाली, 'ला'ची अर्धी झाली आहे. 'शी' आणि 'विथ'चा गुंता सुटत नाहीये, त्याला मराठी माध्यमाचीच मंडळी हवीत, कारण विभक्ती आमच्यापेक्षा त्यांना चांगली येते. रविवारी सकाळी नाश्ता झाला की रीडिंग रूममध्ये बसतो. येताना मॅन्युअल आणा, ती झेरॉक्स रूमवरच राहू द्या.