जुन्या तुळईचें मोल

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या नातीनें आम्हांस एक साधा प्रश्न केला, आणि सारा जन्म मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. "आजोबा, आपला वाडा पाडला तेव्हां त्याचें लाकूड कोठें गेलें हो?" तिला सुतारकामाचा छंद आहे. आपल्या हातानें पुस्तकांचें कपाट करावें, आणि तें प्लायवुडाचें नव्हे, खऱ्या लाकडाचें असावें, असें तिनें मनांत घेतलें होतें.

वाडा पाडण्यास बारा वर्षें झालीं. तो बांधकाम करणाराच्या हवालीं करण्यापूर्वीं आम्हां चुलतभावांच्या बैठका तीन महिने चालल्या होत्या. कितवा मजला कोणाचा, गाडी कोणाची कोठें उभी राहावयाची, गच्चीची किल्ली कोणापाशीं, येथवर खल झाला. करारांत 'राडारोडा व जुनें सामान पाडणाराचें' अशी एक ओळ होती. तिजवर मात्र एकानेंही बोट ठेविलें नाहीं. तो मसुदा आम्हीं स्वतः तपासला होता. ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका काढल्या, आणि सोळा सागवानी तुळया, तितकेच खांब व माजघरावरचा सबंध कडीपाट त्या एका ओळींत देऊन मोकळे झालों.

त्या लाकडाचें मोल आतां कळतें. जुन्या वाड्यांना लागलेला साग रानांत सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडांचा असे. अशा झाडाचा गाभा भरपूर, आणि गाभ्यांतील तेलकट द्रव्यामुळेंच सागाला वाळवी सहसा शिवत नाहीं. ब्रह्मदेशाचा साग मुंबई बंदरांत उतरे. त्या देशानें २०१४ च्या एप्रिलपासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली. आपल्याकडील चंद्रपूर-गडचिरोलीचा साग आजही नांवाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं लाकूड गेलें तें तिकडूनच. पण वनखात्याच्या लिलावांत उतरणें हें एका कपाटापुरत्या गिऱ्हाइकाचें काम नव्हे. लागवडींतील कोवळा साग मिळतो, त्यांत पांढरा भाग फार, आणि तो कीड खाते. शिवाय ओली फळी वाळावयास जाडीच्या दर इंचास एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. पिढ्यानपिढ्या छपराखालीं राहिलेली तुळई या कटकटींतून सुटलेली असते.

पुण्यांत असें लाकूड पुष्कळ निघालें व अजून निघत आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे एका दिवसांत बसले. त्यानंतर जे पडले ते पाण्यानें नव्हे, आम्हांसारख्यांच्या सह्यांनीं.

प्रथम आम्ही फर्निचरच्या दोन दुकानांत चौकशी केली. तेथें आम्हांस चहा मिळाला, लाकूड मिळालें नाहीं. खरी वाट दाखविली ती आमच्या ओळखीच्या एका वृद्ध सुतारानें. "गुरुजी, दुकानांत काय विचारतां? वाडा कोठें पडतोय तें बघा," असें तो म्हणाला. घरें पाडण्याचा मक्ता घेणारा, जुन्या लाकडाचा वखारवाला आणि करवतगिरणीचा मिस्त्री हे तिघे एकमेकांस ओळखून असतात. एक सांपडला कीं दुसऱ्याचा पत्ता लागतो. भवानी पेठेंतील टिंबर मार्केटांत तीन फेऱ्या केल्यावर आमचें काम झालें.

वखारींत मालक सांगेल तें प्रत्येक लाकूड 'बर्मा' असतें. ऐनाची एक काळसर, जड तुळईही आम्हांस बर्मा म्हणूनच दाखविण्यांत आली. तेव्हां खिशांत पटाशी ठेवावी, आणि मालकाची अनुज्ञा घेऊन दोन बोटें जागा खरवडून पाहावी. सागाचा गाभा आंतून सोनेरी तपकिरी निघतो, हाताला किंचित् मेणचट लागतो, व त्याला कातड्यासारखा वास येतो. टोंकें अवश्य पाहावीं, कारण भिंतींत पुरलेलें टोंक आधीं कुजतें. भाव घनफुटावर असतो. आठ इंच चौरस व नऊ फूट लांब तुळई म्हणजे चार घनफूट. दीड फूट कुजकें निघालें तर साडेतीनही उरत नाहींत. खांचा व भोंकें यांची वजावट आधींच बोलून घ्यावी, मागाहून कोणी ऐकत नाहीं. जुन्या तैलरंगांत शिशाचा अंश असूं शकतो. तो कोरडा घासूं नये, आणि लहान मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावें.

आम्हीं जी तुळई घेतली तिला मधोमध लोखंडी कडी होती. पाळण्याची. "हीच का आपली?" नातीनें विचारलें. आमच्या माजघरांत दोन कड्या होत्या. ही दुसऱ्या कोणाची. वखारवाला म्हणाला, "शनिवारांतला वाडा, मालकाचें नांव ठाऊक नाहीं."

पहिल्या गिरणीवाल्यानें तुळईकडे पाहूनच हात जोडले. लपलेला एक खिळा त्याचें पातें मोडतो, त्यामुळें तो जुन्या लाकडास भितो, यांत त्याचा दोष नाहीं. दुसऱ्यानें अट घातली: खिळे तुम्ही काढा, आणि पातें मोडल्यास भरपाई तुमची. आम्हीं दोघांनीं दोन रविवार लोहचुंबक फिरवून सत्तेचाळीस खिळे काढले. पातें शाबूत राहिलें.

भास्कराचार्यांच्या 'लीलावतीं'त (११५०) क्रकचव्यवहार म्हणून प्रकरणच आहे. क्रकच म्हणजे करवत. दोन टोंकांच्या जाडीची सरासरी घ्यावी, तिला लांबीनें व करवतीच्या मार्गांच्या संख्येनें गुणावें, आणि मापें अंगुलांत असल्यास ५७६ नें भागावें, म्हणजे कापाचें क्षेत्र चौरस हातांत येतें. मजुरी मात्र कामकऱ्याशीं होणारा ठराव व लाकडाचा कठिणपणा यांवर सोडली आहे. आमचा गिरणीवाला 'जुना साग, पातें बोथट होतें' म्हणून जादा मागूं लागला तेव्हां आम्हीं घासाघीस केली नाहीं. आचार्य त्याच्या बाजूचे होते. आठ इंचांतून इंचाच्या आठ फळ्या मात्र निघत नाहींत. दर कापांत सुमारें अष्टमांश इंच भुसा होतो, म्हणून सातच निघतात, आणि रंधा मारल्यावर जाडी जेमतेम पाऊण इंच उरते. कापलेल्या फळ्या मध्यें पट्ट्या घालून कांहीं आठवडे सावलींत ठेवाव्या. लगेच जोडल्यास त्या वांकतात.

पावती घ्यावी, व लाकूड कोणत्या घराचें हें तींत लिहून घ्यावें. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वयें लाकडाच्या वाहतुकीवर सरकारचें नियमन आहे, आणि गिरण्याही परवान्यावर चालतात.

ज्या वाचकांचे वाडे अद्याप उभे आहेत व ज्यांच्या घरीं बैठका चालूं आहेत, त्यांनीं करारांतील ती एक ओळ एवढी बदलून घ्यावी: 'तुळया, खांब, कडीपाट व दारें मालकांचीं, पाडणारानें तीं न कापतां उतरवून द्यावींत.' उतरवणावळ द्यावी लागेल. ती अवश्य द्यावी.

कपाटाचे चार खण झाले आहेत, दारें राहिलीं आहेत. कडी आम्हीं काढून, तेल लावून ठेविली आहे. शनिवार पेठेंतील ज्या कोणा कुटुंबाची ती असेल, त्यांनीं या मासिकाच्या द्वारें कळवावें व घेऊन जावी.