एका डोळ्याची किंमत किती सेकंद?

खंडेनवमीला ज्या यंत्राला झेंडूची माळ घालून आणि ज्याच्यापुढे नारळ फोडून मालक हात जोडतो, 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी ज्याच्या शेजारी कामगारांना रांगेत उभे करून शपथ वदवली जाते व तिची छायाचित्रे काढली जातात, त्याच लेसर कटिंग यंत्राच्या दाराचा इंटरलॉक आज असंख्य शेडमध्ये वीतभर तारेने निकामी करून ठेवलेला आहे. दार उघडताच किरण बंद व्हावा म्हणून ती कळ बसवलेली असते. पण शीट बदलताना तिच्यामुळे काही सेकंद जातात, जॉबवर्कचा हिशेब मिनिटांवर चालतो, म्हणून राखणदारालाच बांधून घालून वीस-बावीस वर्षांच्या पोराला त्या उघड्या दारापुढे उभे केले जाते. हा निष्काळजीपणा नव्हे. हा गुन्हा आहे.

भोसरी-चाकणपासून सातपूर, वाळूज, शिरोलीपर्यंत पोलादी पत्रा लोण्यासारखा कापणाऱ्या फायबर लेसरची तरंगलांबी सुमारे 1.07 मायक्रॉन आहे. तो किरण दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. डोळ्याचे भिंग त्याला अडवण्याऐवजी एका बिंदूत एकवटून थेट दृष्टिपटलावर सोडते. आणि चकचकीत पितळेवरून वा ॲल्युमिनियमवरून उलटलेला त्याचा अंशही तेथे कायमचा डाग पाडण्यास पुरेसा ठरतो. असे असता संरक्षण म्हणून हाती काय दिले जाते, तर फुटपाथवरचा काळा गॉगल, नाहीतर ॲक्रिलिकचा पडदा, जो कार्बन डायऑक्साइड लेसरचा 10.6 मायक्रॉनचा किरण अडवतो, पण फायबरच्या किरणाला सताड उघडा असतो. जळलेले दृष्टिपटल पुन्हा उगवत नाही.

गल्लीबोळांतल्या छोट्या यंत्रांची कथा याहून निराळी नाही. गणपतीच्या तोंडावर मखरांचे काम रात्रंदिवस चालते. ॲक्रिलिक आणि एमडीएफ कापताना हवेचा झोत कमी पडला की ज्वाला उठते, आणि नेमक्या त्या घटकेला ऑपरेटर चहाला किंवा दुसऱ्या यंत्राकडे गेलेला असतो, कारण तीन यंत्रांवर एकच माणूस नेमलेला असतो. त्याहून भयंकर म्हणजे पीव्हीसीचा सनबोर्ड लेसरखाली घालणे. त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओलाव्याशी मिळताच त्याचे आम्ल होते, आणि ते आम्ल यंत्राचे रूळ जसे खाते तसेच माणसाचे फुप्फुस खाते. रूळ गंजले की मालकाला कळते, कारण त्यांचे बिल येते. छातीचे बिल कामगार भरतो.

सुरक्षा पाळली तर उत्पादन बसते, हा युक्तिवाद आम्ही ऐकून घेणार नाही. तो खोटा आहे. संरक्षक काच मळलेली, नोझल केंद्रातून सरकलेले, फोकस चुकलेला, अशा यंत्रातून निघालेल्या प्रत्येक तुकड्याची बर ग्राइंडरने घासण्यात जे तास जातात, त्यांपुढे दाराचे ते सेकंद काय आहेत? शिकवलेला ऑपरेटर डोळेही राखतो आणि मालही. त्याला शिकवण्याचे चार दिवस मात्र कोणालाच परवडत नाहीत!

ज्या कार्बन डायऑक्साइड लेसरने हा उद्योग उभा राहिला, तो 1964 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत साकारणारे सी. कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, हे आपण छाती फुगवून सांगतो. आणि त्याच पुणे जिल्ह्यातल्या शेडमध्ये त्या विद्येची अशी विटंबना पाहून आपली मान खाली जात नाही! कामगारांच्या डोळ्यांसाठी पडदे आणि चष्मे हवेत, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 35 मध्येच सांगितले होते. लहान शेड कामगारसंख्येच्या अटीतून निसटते, म्हणून तिथल्या माणसाचे डोळे काचेचे होत नाहीत. निरीक्षक येवो वा न येवो, मालकाने स्वतःच्या हाताने ती तार काढावी. आज, रात्रपाळी लागण्यापूर्वी.