तीस कलमं पाठ, सतरावं माहीत नाही

एम.एस.डब्ल्यू.ला मानवी हक्कांचा पेपर मी हौसेनं घेतला. १९४८च्या जाहीरनाम्याची तीसही कलमं पाठ होती. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एक बाई पोराला कडेवर घेऊन केंद्रावर आली. नवऱ्यानं रात्री बाहेर काढलेलं. "ताई, घर त्यांच्या नावावर आहे. मला परत आत जाता येईल का?"

मला सांगता येईना. घर नावावर नसलं तरी ज्या घरात नांदली तिथं राहण्याचा हक्क बाईला आहे, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १७, हे शेजारच्या टेबलावरच्या दहावी झालेल्या कार्यकर्तीनं सांगितलं. लाज वाटली.

म्हणून पदवी फुकट, असं मी म्हणणार नाही. १९७८मध्ये मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोन पोलिसांना निर्दोष सोडलं, त्यानंतर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनीच सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातल्या आदिवासी पोरीची 'संमती' कोर्टानं कशी गृहीत धरली, ते त्यांनी निकालपत्रातूनच दाखवलं. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३मध्ये कायदा बदलला.

अभ्यास असा हवा. विद्यार्थिनींना एक सत्र तालुक्याच्या कोर्टात बसवा, संरक्षण अधिकाऱ्याबरोबर घटना-अहवाल भरू द्या. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. तारखा त्यांनाच मोजू द्या. जिनिव्हा नंतर शिकवा.

त्या बाईचा अर्ज शेवटी मीच लिहिला. तीनदा खोडून.